कोल्हापूर ते प्रवाळबेट: सागरी फील्ड प्रोग्रॅमला निघताना

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या, म्हणजे प्रवाळ खडकांच्या रांगेतल्या बेटांवर जी संशोधन केंद्रं आहेत, तिथं टॅक्सी जात नाही. हेरॉन बेटावरचं युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँडचं केंद्र ग्लॅडस्टोन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटर आत आहे आणि बोटीला साधारण दोन तास लागतात. लिझर्ड बेटावरचं ऑस्ट्रेलियन म्युझियमचं केंद्र केर्न्सच्या उत्तरेला सुमारे २७० किलोमीटरवर आहे. तिथं छोट्या विमानानं जातात. जेम्स कूक युनिव्हर्सिटीचं ऑर्फियस बेटावरचं केंद्र टाऊन्सव्हिलच्या वर, पाम बेटांमध्ये आहे. अशा केंद्रावर राहून समुद्राचा अभ्यास करायचा कोर्स म्हणजे फील्ड प्रोग्रॅम. त्याच्या पत्रात ‘अमुक तारखेला, इतक्या वाजता, या जेट्टीवर’ एवढंच लिहिलेलं असतं. ती बोट चुकली, तर पुढची मिळेपर्यंत किनाऱ्यावर राहायचा खर्च तुमचा.

म्हणून सगळं नियोजन त्या बोटीपासून उलटं मोजत यायचं. कागदपत्रं आणि प्रवेश धरून सात-आठ महिने हाताशी असावेत. एजंट मंडळी मुंबई ते ऑस्ट्रेलिया हा मधला टप्पा छान सांभाळतात. घोटाळा होतो तो दोन टोकांना, म्हणजे कोल्हापूर ते मुंबई आणि बंदर ते बेट या टप्प्यांत. या लेखात जास्त जागा त्या दोन टोकांना आणि पाण्याच्या तयारीला दिली आहे.

नाव, पासपोर्ट, व्हिसा

पहिली अडचण नावाची. आपल्याकडच्या बऱ्याच गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. पासपोर्टमध्ये आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन वेगळे रकाने असतात. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पदवीच्या गुणपत्रिका समोर ठेवून स्पेलिंगचं एकेक अक्षर जुळवा. ‘पाटील’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक आय आणि दुसरीकडे दोन ई असतील, तर आधी ते दुरुस्त करा. पासपोर्टमधला आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. पुढे प्रवेशपत्र, व्हिसा, विमा आणि तिकीट हे सगळं पासपोर्टवरच्या नावानंच करायचं, गुणपत्रिकेवरच्या नव्हे.

पासपोर्टसाठी पुण्याला हेलपाटा घालायची गरज नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळसाठी २,००० रुपये जादा. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर हजर असणं महत्त्वाचं. पत्ता गावाकडचा आणि मुलगा राजारामपुरीत खोली घेऊन राहतो, अशा वेळी पडताळणी प्रतिकूल जाते आणि काही आठवडे वाया जातात.

व्हिसा कोणता, हे कोर्सच्या लांबीवर ठरतं. तीन महिन्यांपर्यंतचा अभ्यास व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे सबक्लास ६०० वर करता येतो. त्याहून लांब, पूर्ण सेमिस्टरचा प्रोग्रॅम असेल तर स्टुडंट व्हिसा, सबक्लास ५००. त्याची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. सोबत विद्यापीठाचं कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर आणि पैशांचा पुरावा लागतो. राहण्याच्या खर्चासाठी मे २०२४ पासून वर्षाला २९,७१० डॉलर धरतात. कोर्स वर्षापेक्षा कमी असेल तर त्या प्रमाणात.

व्हिसाच्या अर्जातल्या ‘जेन्युइन स्टुडंट’च्या (खरोखर शिकायलाच जाताय का, या) प्रश्नांना उत्तरं देताना मासल्याची उत्तरं उतरवून काढू नका. बी.एस्सी. झूऑलॉजीच्या मुलानं ‘मला जागतिक दर्जाचं शिक्षण हवं’ असं लिहिण्यापेक्षा, महाराष्ट्राला मोठा किनारा आहे, मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथल्या प्रवाळांच्या सर्वेक्षणासाठी ट्रान्सेक्टची (आखलेल्या पट्टीवरून मोजणी करायची) पद्धत शिकायची आहे, असं लिहिलं तर ते त्याचं स्वतःचं वाटतं. वैद्यकीय तपासणी सांगितली, तर ती ऑस्ट्रेलियानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र त्याला चालत नाही. त्यासाठी मुंबई-पुण्याकडे जावं लागतं, तेव्हा बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो) तारीखही त्याच दौऱ्यात बसते का ते बघा.

कॅरिबियनमधला किंवा मध्य अमेरिकेतला प्रोग्रॅम निवडला असेल तर ट्रान्झिटकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना व्हिसा लागतो, कारण तिथं प्रत्येकाला इमिग्रेशनमधून बाहेर पडून पुन्हा आत जावं लागतं. लंडनमार्गे जातानाही, सवलतीत बसत नसाल तर, एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. पनामासारख्या देशातून परत येताना भारतात यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं.

पोहणं येतं म्हणजे काय येतं

कोल्हापूरची पोरं विहिरीत, नाहीतर पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकतात. डोकं वर ठेवून, जोरात हात मारून. या पोहण्यानं नदी पार होते, पण फील्डवर दिवस निघत नाही. ओपन वॉटर डायव्हरच्या, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, किंवा मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे पंखे) घालून ३०० मीटर. शिवाय १० मिनिटं काही न धरता तरंगायचं. वेळेची अट नाही, पण मध्ये काठ धरायचा नाही.

जलतरण तलावावर तीन महिने, आठवड्यातून चार दिवस असा सराव पुरतो. पहिला महिना फक्त तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायची सवय करा. दुसऱ्या महिन्यात सलग अंतर वाढवा. तिसऱ्यात फिन्स घाला. फिन्सचा जोर मांडीतून यायला हवा. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारले की पोटऱ्यांत गोळे येतात आणि खालची वाळू उडून सर्वेक्षणाच्या पट्टीवरचं काहीच दिसत नाही. सोबतचे विद्यार्थी वैतागतात ते याच कारणानं.

मास्क दुकानातून घ्यायचा, ऑनलाइन नको. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलकी हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर बसला. भरघोस मिशी असेल तर कडेतून पाणी येणारच, तेव्हा नाकाखालची ओळ कातरून घ्या. (कोल्हापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण इलाज नाही.) नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साध्या टूथपेस्टनं काच आतून तीन-चार वेळा चोळून धुतली नाही, तर पाण्यात शिरताच धुकं जमतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क इथूनच करून न्या.

आता कान. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्यामुळे दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो आणि कानाचे बहुतेक त्रास तिथंच होतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, ते कान दुखायला लागायच्या आधी आणि दर मीटरभर. दुखल्यावर फुंकून उपयोग नाही. वर या आणि पुन्हा सावकाश जा. सर्दी असताना नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं हा त्याहून वाईट प्रकार. खाली असताना गोळीचा असर संपला की वर येताना हवा आत अडकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना निघण्याच्या चार महिने आधी दाखवा. दमा, फिट्स, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा जुना आजार यांपैकी काही असेल तर डायव्हिंगच्या वैद्यकीय अर्जावर लपवू नका. काही विद्यापीठं संशोधनाच्या डायव्हिंगसाठी फक्त डायव्हिंग मेडिसिन शिकलेल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मानतात, तेव्हा प्रोग्रॅमला आधी मेल टाकून विचारा.

मालवणला शिका, पण घाट जपून चढा

कोल्हापूरकरांचं एक भाग्य म्हणजे समुद्र घाटाखालीच आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, तिथं ओपन वॉटर कोर्स होतो. कोर्सला तीन-चार दिवस लागतात, खुल्या पाण्यात चार डाइव्ह होतात आणि मर्यादा १८ मीटरची. पावसाळ्यात सगळं बंद असतं, म्हणून ऑक्टोबर ते मे यांतच जमवा. जुलैत प्रोग्रॅम सुरू होणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पर्यटकांना हात धरून दहा मिनिटं खाली नेतात, तो ‘स्कूबा’ वेगळा. त्याचा फोटो मिळतो, सर्टिफिकेट नाही.

परतीच्या वाटेवरची गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. डाइव्हमध्ये रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो आणि तो काही तास हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणूनच डायव्हिंगनंतर विमानात बसू नये असं सांगतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. हा नियम २,००० फुटांपासून पुढच्या उंचीला धरतात. गगनबावडा आणि आंबोली दोन्ही सुमारे ६९० मीटरवर आहेत, म्हणजे २,२०० फुटांच्या वर. सकाळी शेवटची डाइव्ह, दुपारी माशाचं जेवण आणि चार वाजता घाटाला गाडी, हा आपला नेहमीचा बेत इथं चालत नाही. कोर्सची शेवटची डाइव्ह झाली की ती रात्र मालवणात काढा आणि घाट दुसऱ्या दिवशी दुपारी चढा. सांधे दुखणं, अंगाला मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर यांतलं काही जाणवलं तर घाट चढू नका. आधी डायव्हिंग सेंटरला फोन करा आणि तिथल्याच डॉक्टरांना गाठा.

मालवणला असताना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर एक तास द्या. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट करा, ती खडकावर दहा ठिकाणी टाका आणि प्रत्येक वेळी आत काय किती आहे ते पेन्सिलीनं लिहा. पाण्यात भिजल्यावर काय लिहिलं जातं आणि काय पुसलं जातं, हे तिथंच कळतं. प्रोग्रॅमच्या पहिल्या आठवड्यात हेच काम करायचं असतं.

विमा

हेल्थ कव्हर व्हिसासाठी लागतंच. पण बेटावरून हेलिकॉप्टरनं आणणं किंवा रिकम्प्रेशन चेंबरमधले (रक्तातल्या बुडबुड्यांवर जादा दाबाच्या खोलीत होणारे) उपचार यांसाठी डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या आणि पॉलिसीत खोलीची मर्यादा वाचा. उत्तर क्वीन्सलँडमध्ये असं चेंबर टाऊन्सव्हिलच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे. तिथवर पोचवणं हाच खरा खर्च.

बॅग

सिलिंडर, वजनं, जॅकेट केंद्रावर मिळतात. मास्क, स्नॉर्केल, बुटी (पाण्यात घालायचे मऊ बूट) आणि बाह्या असलेला रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा) स्वतःचा हवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं हिवाळा असतो आणि पाणी २३-२४ अंशांवर येतं. ऐकायला हे गरम वाटतं, पण तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात. ५ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट बरा. उन्हाळ्यात पाणी २९ अंशांपर्यंत जातं, तेव्हा ३ मिलिमीटर पुरे. नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा हंगाम, त्यात अंगभर पातळ स्टिंगर सूट घालूनच उतरतात. दंश झालाच तर त्यावर व्हिनेगर किमान ३० सेकंद ओततात, गोडं पाणी नाही.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवर होते आणि १०० ची मर्यादा आहे, म्हणजे चालते. डायव्हिंगच्या टॉर्चमधून बॅटरी काढून ठेवा. सुरी असेल तर चेक-इनमध्ये. तिथला वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, फक्त पिन तिरकी, तेव्हा दोन अडॅप्टर पुरतात. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात आणि इंग्रजीतल्या प्रिस्क्रिप्शनसह घ्या. बोट लागत असेल तर त्याची गोळी आधी घरी एकदा घेऊन बघा. त्यातल्या काहींनी इतकी झोप येते की पाण्यात उतरणं धोक्याचं.

कोल्हापूर ते मुंबई

जुलैत सुरू होणाऱ्या सेमिस्टरला निघायचं म्हणजे ऐन पावसात निघायचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्यानं पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. उजळाईवाडीच्या विमानतळावर ढग खाली आले की विमान रद्द होतं. मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुरात अडकली होती. तिन्ही वाटा एकाच पावसात अडतात, तेव्हा ‘बस नाही तर ट्रेन’ हा पर्याय धरून बसू नका. पर्याय फक्त आधी निघण्याचा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघत राहा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३५-३६ फुटांवर आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल तर ३९ ची वाट न बघता पुणं गाठा. एरवीही पावसाळ्यात मुंबईत दोन दिवस आधी आणि इतर ऋतूंत एक दिवस आधी पोचा. पाहुणे नसतील तर विमानतळाजवळच्या लॉजचं एक रात्रीचं भाडं हाच सगळ्यात स्वस्त विमा.

महालक्ष्मीनं गेलात तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरून टॅक्सी करा. खासगी बसला तावडे हॉटेलपाशी चढता येतं. विमानानं मुंबईला जाणार असाल तर देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलोच मोफत असतात, तुमच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर २५-३० असले तरी. दोन तिकिटं वेगळी असली की जादा किलोंचे पैसे भरावे लागतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही.

सिंगापूर, ब्रिस्बेन, केर्न्स

मुंबईहून पुढचं सगळं एकाच पीएनआरवर काढा. सिंगापूरला सामान थेट पुढे जात असेल आणि तुम्ही आतल्या आतच विमान बदलत असाल तर तिथला व्हिसा लागत नाही. वेगळी तिकिटं काढून चार-पाच हजार वाचवले आणि सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं, की व्हिसा लागतो, नाहीतर व्हिसामुक्त ट्रान्झिटच्या अटींत बसावं लागतं. दोन्ही नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात.

ऑस्ट्रेलियात ज्या शहरात पहिलं पाऊल पडतं, तिथं इमिग्रेशन, सामान आणि तपासणी सगळं होतं. ब्रिस्बेनला पुढचं विमान असेल तर आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनल वेगवेगळी आहेत, मध्ये बस किंवा ट्रेन घ्यावी लागते. किमान साडेतीन तासांचं अंतर ठेवा. केर्न्सला उतरलात तर दोन्ही टर्मिनल शेजारी आहेत. क्वीन्सलँडचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, बाराही महिने.

मसाला आणि गोठा

विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यावर खाण्यापिण्याचे आणि प्राणी-वनस्पतींचे प्रश्न असतात. आईनं बांधून दिलेलं सगळं तिथं ‘हो’ म्हणून लिहायचं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

पेढे, तूप, खवा घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ लाळ्या-खुरकूत रोगामुळे चालत नाहीत. तांदूळ, डाळी, शेंगदाणे, जिरं, धने आणि सुक्या मिरच्या यांवर खापरा भुंग्यामुळे बंदी आहे. कांदा-लसूण चटणी याच जिनसांची, म्हणून घरच्या डब्यातली चटणी गेली असं समजूनच द्यायची असेल तर द्या. केर्न्स, टाऊन्सव्हिल, ब्रिस्बेनला भारतीय किराणा मिळतो.

त्याच कार्डावर गेल्या ३० दिवसांत शेत, जनावरं, रान, नदी किंवा तळं यांच्याशी संबंध आला का, असाही प्रश्न असतो. घरी म्हशी असतील, शिवारात गेला असाल, पंचगंगेत पोहला असाल, तर उत्तर ‘हो’. घाबरायचं कारण नाही. अधिकारी बूट बघतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बुटांचे तळवे ब्रशनं घासून, खाचांतली माती टोकानं काढून, उन्हात खडखडीत वाळवा. मालवणला वापरलेले सूट, बुटी, फिन्सही गोड्या पाण्यात धुऊन कोरडे करा. वाळूचा कण दिसला की ते तुमच्यासमोर सगळी बॅग उघडतात, आणि मागे रांग असते.

जेट्टीपर्यंत

बोटीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बंदराच्या गावात मुक्कामाला पोचा. जुलैत आग्नेयेचे वारे जोरात असतात, फेब्रुवारीत चक्रीवादळांचा मोसम. दोन्हींत बोट पुढे-मागे होते. स्थानिक सिम त्याच संध्याकाळी घ्या, कारण बदलाचा मेसेज त्यावरच येतो. छोट्या विमानाला किंवा बोटीला सामानाची वेगळी मर्यादा असते आणि मऊ बॅग मागतात. टणक सुटकेस किनाऱ्यावर ठेवावी लागते. केंद्रावर दुकान नसतं, म्हणून सॅनिटरी पॅड, सनस्क्रीन, जादा चष्मा आताच घ्या. सनस्क्रीनमध्ये प्रवाळाला घातक समजलं जाणारं ऑक्सिबेन्झोन नको. खाऱ्या पाण्यातल्या मगरींची पाटी दिसेल त्या खाडीत पायही बुडवू नका.

परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत पूर्ण २४ तास ठेवा. बेटावरून येणारं छोटं विमानही यात धरायचं. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलू नका. रीफच्या सागरी उद्यानात प्रवाळ उचलायला परवाना लागतो, आणि भारतात प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणजे मुंबईच्या कस्टममध्ये पुन्हा प्रश्न. संशोधनाचे नमुने विद्यापीठाच्या परवान्यावर, विद्यापीठाच्याच नावानं जातात. विद्यार्थ्याच्या बॅगेत फक्त डेटाशीट आणि हार्ड डिस्क, तीही दोन प्रतींत, एक हातातल्या बॅगेत.